न दाखवलेला हात

प्रति,
मा. वाहतूक अधिकारी साहेब,
जिल्हा कचेरी, सातारा.

(एक प्रत सांगली जिल्ह्यात हेच काम पाहणाऱ्या साहेबांस. कारण परिच्छेद ३ मध्ये आले आहे.)

अर्जदार : हवालदार (निवृत्त) नाथाजी येसबा घार्गे, सायकल दुरुस्तीचे व हवा भरण्याचे दुकान, मौजे हिंगणटेक तिकटी, ता. कराड, जि. सातारा.

विषय : वळताना हात अगर दिवा न दाखवणाऱ्या चालकांचा बंदोबस्त होणेबाबत, अशाच एका न दाखवलेल्या हातामुळे अर्जदाराच्या मुलीची सोयरीक फिसकटल्याबाबत, आणि अर्जदाराने त्या वेळी उच्चारलेला "कुठं" हा शब्द सार्वजनिक कामाचा होता, असा गोल शिक्क्याचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : माझा मागील अर्ज. तो आपणांस पोहोचला नसावा अशी शंका आहे. आमच्या गावात टपाल वाटणारा इसम हा खाली उल्लेख आलेल्या भाऊसो पिसाळ यांचा सख्खा मेहुणा लागतो. यापलीकडे मी आताच काही म्हणत नाही. हा अर्ज समक्ष आणून देत आहे.

महोदय,

१. मी अर्जदार सैन्यात मोटार चालवीत होतो. तेजपूरच्या वर घाटात आमच्या गाड्यांची रांग लागे. पुढच्याने हात काढला की त्याच्या मागच्याने काढायचा, मग त्याच्या मागच्याने, असा तो हात शेवटच्या गाडीपर्यंत जाई. ज्याने हात काढला नाही तो स्वतः बहुधा वाचत असे, दरीत मागचा जात असे. हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. पेन्शनीत आल्यावर तिकटीवर दुकान टाकले. दुकानापुढे बसून रस्ता दिसतो आणि रस्ता दिसला की मला गप्प बसवत नाही. दंडाला तांबडी पट्टी बांधून मी गाड्यांना वाट करून देतो. पट्टी सरकारी नाही, माझे कुटुंब सौ. बनुबाई हिच्या जुन्या लुगड्याची आहे, हे कोणी आपणांस कळवण्याआधी मीच कळवतो. सैन्यात लिहिणे रोमन लिपीत शिकल्यामुळे माझे मराठी अक्षर मला स्वतःलाही लागत नाही. सबब हा अर्ज माझी कन्या कु. शालू, मॅट्रिक पास, हिच्या हस्ताक्षरात आहे. म्हणणे माझे, अक्षर तिचे.

२. तिकटी म्हणजे तीन रस्त्यांची जागा. एक रस्ता सांगलीकडून येतो, तोच सरळ पुढे कराडला जातो, आणि सांगलीकडून येणाऱ्याच्या उजव्या हाताला तिसरा फुटतो तो आमच्या घार्गे मळ्याचा. माझे घर मळ्याच्या तोंडाशीच आहे. या तिकटीवर वळताना हात दाखवणारा चालक मला आजवर भेटलेला नाही. ट्रकवाले उजवा दिवा लावतात, पण तो वळायचा नसतो, मागच्याने पुढे जावे म्हणून असतो. त्यामुळे तो खरेच वळायचा असला तरी कोणाचा विश्वास बसत नाही. ट्रॅक्टरवाल्यांना विचारले तर म्हणतात, आम्ही कुठे वळतो हे गावाला माहीत आहे. गावाला माहीत असेल, मागून येणाऱ्या परगावच्या माणसाला कसे माहीत? एकदा एका जीपवाल्याने हात काढला होता. तेव्हा पारावर बसलेल्या चौघांनी उठून त्याला रामराम घातला, त्याने गाडी थांबवून तंबाखू मळली आणि वळायचे राहूनच गेले. माझे म्हणणे असे की, सरळ चाललेल्या माणसाला लपवायचे काही नसते. जो वळणार आहे आणि सांगत नाही, त्याच्या मनात काही तरी आहे. आता तर कोणतीही गाडी दिसली की मला आधी तिचा संशयच येतो. कराडची एस.टी. आली की माझी मुलगी भाकरी थापायची सोडून दारात येते, हे लक्षात आल्यावर मी त्या गाडीच्या कंडक्टरलाही खाली उतरवून त्याचा बिल्ला तपासला होता. त्याचे लग्न झालेले असून त्याला दोन मुले असल्याचे त्याने सांगितले. ते खरे की खोटे याची चौकशी अजून व्हायची आहे.

३. तिकटीच्या मधोमध हद्दीचा दगड आहे. दगडाच्या अलीकडे सातारा जिल्हा, पलीकडे सांगली. याचा फायदा चालक लोक बरोबर घेतात. हात दाखवायला हवा तो सांगलीच्या हद्दीत, आणि वळायचे ते साताऱ्याच्या. मी पलीकडच्या हद्दीतील एका जमादारांकडे गेलो तर ते म्हणाले की, गाडी वळली तुमच्याकडे, आमच्याकडे ती सरळच होती. अलीकडच्या जमादारांकडे गेलो तर ते म्हणाले की, हात न दाखवणे पलीकडे घडले, आणि न दाखवलेला हात पंचनाम्यात दाखवायचा तरी कसा? दोघांनीही मला चहा पाजला, हे मान्य आहे. दोन्ही ठिकाणच्या चहाला एकच चव होती. मी लक्षात ठेवले आहे.

४. आता मूळ प्रकार. अक्षय तृतीयेनंतरच्या गुरुवारी माझ्या मुलीला पाहायला माधवनगरहून पाहुणे यायचे होते. मुलगा आकाराम तिथल्या गिरणीत साच्यावर कामाला आहे, घरची ऊसशेती आहे, माणसे चांगली असे ऐकून होतो. घर सारवले होते, कुटुंबाने ठेवणीतली सतरंजी काढली होती. पाहुणे एस.टी.ने येणार असे कळवले होते, म्हणून मी पट्टी बांधून तिकटीवर उभा होतो. त्या वेळी कराडच्या बाजूने ज्ञानू जाधवाची कडब्याची बैलगाडी येत होती. सांगलीकडून एक जीप आली. हात नाही, दिवा नाही, वेग कमी नाही. म्हणजे ती सरळ कराडला जाणार, असे धरून मी ज्ञानूला पुढे येण्याची खूण केली. बैल मळ्याच्या तोंडासमोर पोहोचतात न पोहोचतात तोच जीप उजवीकडे वळली. ज्ञानूचे बैल उधळले, कडबा रस्त्यावर आला, जीप बैलांच्या शिंगांपासून वीतभर अंतरावर थांबली. ती थांबली कारण मी मधे उडी घेतली. मी दोन्ही हात वर करून, सैन्यात ओरडतात त्या आवाजात, म्हणालो, "थांब. कुठं?"

ते माझ्याच घरचे पाहुणे होते, साहेब.

५. "कुठं" या शब्दाविषयी आपणांस लिहिण्याची गरज नसावी, परंतु आपण बदलीवर कोठून आला आहात हे मला माहीत नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला कुठं निघालात असे विचारत नाहीत. लांब का, एवढेच विचारतात. कोणी चुकून कुठं म्हटले तर ते काम होत नाही असा समज आहे. मग निघालेला माणूस कोणाच्या तरी घरी टेकतो, घोटभर पाणी पितो आणि नव्याने निघतो. मी हे लहानपणापासून जाणतो. माझ्या आईला कोणी कुठं विचारले तर ती चप्पल काढून परत घरात बसायची. पण त्या क्षणी मी कोणाचा मुलगा नव्हतो की कोणाचा बाप नव्हतो. मी ड्युटीवर होतो.

जीपमध्ये मुलाची आत्या हरणाबाई पुढे बसलेली होती. वयाने मोठी, करारी बाई. तिने मला आपादमस्तक पाहिले. मी कोण हे तिला कोणी तरी मागून सांगितले. त्यावर ती चालकाला नव्हे, मला म्हणाली, "शुभकामाला निघाल्याली माणसं आमी. आन् पोरीच्या बापानंच आडवं यिऊन कुठं म्हनावं?"

मी हात जोडले. घर हे समोर दिसते आहे, आत चला, पाणी घ्या, असे विनवले. ती म्हणाली की, ज्या घराने कुठं विचारले त्या घरचे पाणी उताऱ्याला चालत नाही, तिसऱ्या घरचे लागते. जीप मागे सरली आणि कराडच्या रस्त्याला हाकेच्या अंतरावर असलेल्या भाऊसो पिसाळाच्या घरी गेली. तिथे वळतानाही हात दाखवला नाही.

६. आता भाऊसोविषयी. भाऊसो पिसाळ यालाही लग्नाची मुलगी आहे. पाहुणे घोटभर पाण्यासाठी गेले ते जेवणवेळ टळून गेली तरी बाहेर येईनात. त्यांना पाणी भाऊसोच्या मुलीने दिले. पाठोपाठ पोहे आले. साहेब, जीपमध्ये चालक धरून सात माणसे होती. सात माणसांचे पोहे अचानक होत नाहीत. त्याबद्दल मी भाऊसोला हटकले असता तो म्हणाला की, विहिरीच्या खोदाईला माणसे लावली आहेत, त्यांच्यासाठी केले होते. मी चौकशी केली. खोदाईला माणसे आहेत, हे खरे आहे. पण पोह्यांवर ओले खोबरे होते. विहीर खणणाऱ्या माणसांना ओले खोबरे घालून पोहे देणारा शेतकरी मला या पंचक्रोशीत दाखवून द्यावा. पुढे पाहुणे निघाले ते नव्याने आमच्याकडे यायला निघायचे, तर सांगलीकडे निघून गेले. आज ऐकतो की पिसाळांच्या मुलीचे माधवनगरशी बोलणे चालू आहे. माझी मुलगी नेसून, बसून, उठली. कुटुंबाने सतरंजी घडी करून ठेवली, तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. मला त्या सतरंजीची घडी पाहवत नाही.

७. यात कट आहे अशी माझी खात्री झाली, म्हणून मी माधवनगरला जाऊन जीपचा चालक केरबा याला गिरणीच्या फाटकाशी गाठले. एस.टी.ने यायचे होते ते जीपने कसे आलात, असे आधी विचारले. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, असे उत्तर मिळाले. मग हात का दाखवला नाही ते विचारले. भाऊसोचे नाव त्याच्या तोंडून निघेल असे मला वाटत होते. तो म्हणाला, "हवालदार, शुभकामाची गाडी. हात दावायचा म्हंजी कुठं चाललो ते रस्त्याला सांगायचंच की. आत्याबाईनं निघतानाच बजावलं व्हतं, केरबा, हात भाईर काडू नगंस."

हे मी त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतले. म्हणजे कोणी विचारू नये म्हणून त्यांनी सांगितले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही म्हणून मला विचारावे लागले. यात गुन्हा कोणाचा? केरबा खरे बोलला असे मला त्या वेळी वाटले. पण परत येताना एस.टी.त विचार केला आणि पुन्हा शंका आली. त्याने बिडी कुठल्या छापाची ओढली? भाऊसो ओढतो त्याच छापाची. हा छाप सगळेच ओढतात असे माझे कुटुंब म्हणते. ते असो.

८. यावरून साहेबांच्या लक्षात येईल की, हा एकट्या अर्जदाराचा प्रश्न नाही. आज एका जीपने शुभकार्याचे कारण सांगून हात दाखवला नाही. उद्या दवाखान्यात निघालेला म्हणेल, आजाऱ्याला नाट लागेल. कोर्टात निघालेला म्हणेल, दावा हरेन. उसाच्या ट्रकवाला म्हणेल, वजनाला कमी भरेल. आमच्या भागात कोणताही माणूस कसल्या ना कसल्या कामालाच निघालेला असतो, आणि आपले काम शुभ नाही असे कोणीच मानत नाही. मग हात दाखवायचा कोणी? कोठेच न निघालेल्याने?

सबब अर्जदाराच्या मागण्या खालीलप्रमाणे :

(अ) केरबा यास समज देण्यात यावी. दंड करू नये, तो हुकमाचा ताबेदार आहे.

(आ) तिकटीवर हद्दीच्या दगडाशेजारी दोन्ही जिल्ह्यांच्या खर्चाने फलक लावण्यात यावा. मजकूर : "वळण्यापूर्वी हात दाखवा. हात दाखवणे म्हणजे सांगणे नव्हे." खाली उजव्या वळणाचा हात चित्राने दाखवावा : हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर, तळवा पुढे. चित्रातील हातात काकण अगर गंडा असू नये, नाही तर त्यावरून वेगळाच अर्थ काढतील.

(इ) भाऊसो पिसाळ यांच्या घरच्या पोह्यांची चौकशी व्हावी.

(ई) सदर गुरुवारी अर्जदाराने विचारलेले "कुठं" हे वाहतुकीच्या कामी विचारलेले असून ते घरगुती "कुठं" नव्हते, सबब त्यापासून कोणतेही अशुभ उद्भवत नाही, असा दाखला आपल्या सहीने व गोल शिक्क्याने मिळावा. हरणाबाईंना वाचता येत नाही, परंतु गोल शिक्का त्या ओळखतात. असा दाखला घेऊन मी स्वतः माधवनगरला जाईन, पागोटे बांधून जाईन, वेळ पडली तर ते हरणाबाईंच्या पायावर घालीन आणि माझ्या मुलीची सोयरीक

९. येथे लिहिणे थांबले होते. वाक्य अपुरे राहिले त्याचे कारण शाई नव्हे. अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून काढते असे मुलगी म्हणाली, परंतु सैन्यात खाडाखोड केलेल्या रिपोर्टपेक्षा नव्याने लिहिलेल्या रिपोर्टवर जास्त संशय घेतात. म्हणून जे घडले ते पुढे लिहवून घेतो. ती लिहायला तयार नव्हती. मी हुकूम केला तेव्हा लिहीत आहे.

सोयरीक हा शब्द लिहिताना तिने टाक खाली ठेवला. मी विचारले की, शब्द अडला काय. ती मान खाली घालून म्हणाली, "आबा, समद्या गाड्यांस्नी इचारता, कुठं. मला कवा इचारलं?"

साहेब, मी रागावणार होतो. तोंड उघडले होते. तिच्या आईने चुलीपुढून माझ्याकडे पाहिले आणि फुंकणी खाली ठेवली. त्यावरून मला समजले की, हा प्रश्न या घरात नवा नाही, फक्त माझ्या कानावर पहिल्यांदा आला आहे. मॅट्रिक होऊन तिला वर्ष झाले. माधवनगरचे स्थळ मी ठरवले, दिवस मी ठरवला, तिला आदल्या रात्री आईकडून कळले. म्हणजे या घरातली गाडी मीच हाकत होतो, आणि वळताना हात मीही काढला नव्हता. मागे बसलेल्या माणसाला वळण अंगावर आले तेव्हाच समजले. याचे मला फार वाईट वाटले. अर्जात असे लिहितात किंवा कसे, मला माहीत नाही.

मग मी तिला विचारले. तोच शब्द विचारला, दुसरा मला येत नाही. "कुठं?" म्हणालो, पण ओरडून नाही. तिच्या आईने पदर तोंडाला लावला, कारण घरातून निघणाऱ्या मुलीला हा शब्द विचारू नये. परंतु मुलगी निघाली नव्हती, माझ्यासमोर बसलेली होती.

ती उठून दारात गेली, अंगणाकडे तोंड करून उभी राहिली आणि उजवा हात बाहेर काढला. खांद्याच्या रेषेत सरळ. तळवा पुढे. मागणी (आ) तिनेच लिहिली असल्यामुळे तिला तो पाठ होता. आमच्या दारातून उजवीकडे कराड. तिथे मुलींना शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम आहे आणि पंधरवड्यात तो सुरू होतो, ही माहिती तिच्या आईने पुरवली. एस.टी. आली की मुलगी दारात येई ती कंडक्टरकडे पाहत नव्हती. गाडीच्या पाटीवर कराड लिहिलेले असते, तिकडे पाहत होती. त्या कंडक्टरची माफी मला मागावयाची आहे. मुले दोनच का, हेही विचारायचे नाही, असे कुटुंबाने बजावले आहे.

तो हात कितीतरी वेळ तसाच होता. मी पाहत राहिलो. तिकटीवर बसू लागल्यापासून इतका स्वच्छ इशारा मला कोणी दिला नव्हता.

१०. सबब मागण्यांत पुढीलप्रमाणे दुरुस्ती समजावी. मागणी (अ) मागे घेतो. मागणी (आ) कायम. मागणी (इ), पोहे, तूर्त राखून ठेवावी. ओल्या खोबऱ्याचा खुलासा अजून झालेला नाही, परंतु भाऊसोच्या मुलीचे चांगले व्हावे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मागणी (ई) चा दाखला देऊ नये. ते "कुठं" मी चुकीच्या गाडीला विचारले होते, त्यावर शिक्का मारून काही उपयोग नाही.

पुढच्याने वळण्याचा इशारा दिला असता मागच्याने वेग कमी करावा, कर्णा वाजवू नये, आणि त्यास वळू द्यावे, असा नियम आहे. अर्जदार त्याप्रमाणे थांबला आहे.

आपला नम्र, तिकटीवर हजर,

नाथाजी येसबा घार्गे
(सही रोमन लिपीत केली आहे, तीच खरी समजावी.)

हिंगणटेक, दि. २ जून १९७४

सोबत :
१. तिकटीचा हाताने काढलेला नकाशा. हद्दीचा दगड ठळक केला आहे.
२. फलकासाठी उजव्या हाताचे चित्र. कु. शालू हिने स्वतःचा हात कागदावर ठेवून कडेने रेघ ओढली आहे. काकणे काढून ठेवली होती.
३. ज्ञानू जाधव यांचा जबाब जोडला होता, तो काढून घेतला. त्यांना तो कागद कडब्याच्या हिशेबासाठी हवा होता, असे ते सांगतात.

ता.क. : अर्ज देण्यास मी समक्ष येणार होतो. ते आता जमणार नाही. परवा सकाळच्या गाडीने मुलीबरोबर कराडला निघत आहे. अर्ज एस.टी.च्या त्याच कंडक्टरच्या हाती पाठवत आहे. वाटेत आम्हांस कोणी कुठं म्हणून विचारले, तर सांगणार आहोत.